विश्लेषण : संस्कारवर्गांमुळे मुलं खरंच बदलतात का? 'संशोधनाने सिद्ध' म्हणजे नेमकं काय?

शाळेत एक नवा उपक्रम सुरू होतो. रोज वीस मिनिटं गोष्ट, चर्चा, प्रतिज्ञा, कधी डोळे मिटून शांत बसणं. वर्षभराने व्हिडिओ फिरू लागतो. मुख्याध्यापक म्हणतात, मुलं आता भांडत नाहीत. एक आई सांगते, मुलगा न सांगता दप्तर आवरतो. शेवटी पडद्यावर मोठ्या अक्षरांत टक्केवारी येते आणि खाली कमेंट्सचा पाऊस पडतो : 'हे प्रत्येक शाळेत सक्तीचं करा.'

मागणी चांगल्या हेतूचीच असते. पण ती टक्केवारी कशाची, कोणी मोजली आणि कोणाशी तुलना करून काढली, हे सहसा कोणी विचारत नाही. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण शाळेच्या वेळापत्रकात रिकामी जागा नसते. संस्कारवर्गाला दिलेली वीस मिनिटं वाचनाच्या, खेळाच्या किंवा गणिताच्या तासातूनच जातात. शिक्षकांचं प्रशिक्षण, पुस्तिका आणि ॲप यांचा खर्च वेगळाच.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने हा प्रश्न एकदा नीट विचारला होता. उत्तर यायला सहा वर्षं लागली आणि ते फारसं कोणाला आवडलं नाही.

सात कार्यक्रम, ८४ शाळा

२००४ साली अमेरिकेत तिसरीच्या मुलांवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने त्यासाठी पैसे दिले, तर रोगनियंत्रण संस्थेचा हिंसा-प्रतिबंध विभाग त्यात भागीदार होता. सामाजिक वर्तन आणि चारित्र्य घडवण्याचा दावा करणारे सात कार्यक्रम त्यासाठी निवडले गेले. 'पाथ्स', 'सेकंड स्टेप', 'पॉझिटिव्ह ॲक्शन', 'लव्ह इन अ बिग वर्ल्ड' ही त्यांतली काही नावं. हे कार्यक्रम कोणी घाईघाईत उभे केलेले नव्हते. काहींच्या मागे आधीच चांगले निकाल देणारे अभ्यास होते.

एकूण ८४ शाळा घेण्यात आल्या. कोणत्या शाळेत कार्यक्रम चालवायचा आणि कोणत्या शाळेत नेहमीचंच चालू ठेवायचं, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडण्यात आलं. मुलं पाचवीत जाईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. मुलांना विचारलं, पालकांना विचारलं, शिक्षकांना विचारलं. सहानुभूती, आक्रमकता, अभ्यास, शाळेत सुरक्षित वाटणं अशा सुमारे वीस निकषांवर मोजणी झाली.

ऑक्टोबर २०१० मध्ये अहवाल आला. सातही कार्यक्रमांचे आकडे एकत्र घेऊन पाहिलं तेव्हा सरासरी फरक सापडला नाही. वर्तन, भावनिक समज, अभ्यास, शाळेतलं वातावरण यांपैकी कशातही ठोस सुधारणा नव्हती. प्रत्येक कार्यक्रम स्वतंत्रपणे तपासल्यावर इथे-तिथे काही फरक दिसले. पण वीस गोष्टी मोजल्या की त्यांतली एखादी निव्वळ योगायोगानेही चमकते. शंभरदा नाणं उडवलं तर कधीतरी सलग पाच-सहा वेळा छापा पडतोच, तसं.

मग मूल्यशिक्षण निरुपयोगी आहे का? अहवालाचा अर्थ असा लावणंही घाईचं होईल. कार्यक्रम न मिळालेल्या शाळा त्या काळात हात जोडून बसलेल्या नव्हत्या. तिथले शिक्षकही आपापल्या परीने मुलांना सभ्यपणा, समजूतदारपणा, भांडण मिटवणं हे सगळं शिकवत होते. कार्यक्रमाच्या शाळांत हे प्रमाण जास्त होतं, पण दुसऱ्या बाजूला शून्य नव्हतं. म्हणजे चारित्र्य शिक्षण असलेली शाळा विरुद्ध ते नसलेली शाळा, अशी ही तुलना नव्हतीच. शिक्षक एरवी करतात तेवढं पुरेसं आहे की त्यावर बाहेरून आणलेला तयार कार्यक्रम चढवल्याने आणखी काही मिळतं, एवढंच त्यातून कळत होतं.

महाराष्ट्रात हा मुद्दा चटकन पटेल. इथल्या शाळांत परिपाठ असतो, प्रार्थना असते, सुविचार असतो, बोधकथा असते. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता अशी दहा मूल्यांची यादी कित्येक पिढ्यांना तोंडपाठ आहे. अशा राज्यात एखादा नवा कार्यक्रम येऊन 'आम्ही मूल्यं रुजवली' म्हणतो, तेव्हा त्याची तुलना परिपाठ चालू असलेल्या शेजारच्या शाळेशी व्हायला हवी. काहीच न करणारी शाळा मुळात सापडणारच नाही.

चारित्र्य मोजायचं कशाने?

वजन काट्यावर मोजता येतं. प्रामाणिकपणा कशावर मोजणार? या प्रश्नाला आजवरचं सगळ्यात कल्पक उत्तर जवळपास शंभर वर्षांपूर्वी दिलं गेलं. त्यापुढे आजच्या बऱ्याच प्रश्नावल्या फिक्या पडतात.

१९२४ ते १९२९ या काळात कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोघांनी एक प्रकल्प चालवला. त्यांनी मुलांना 'तू प्रामाणिक आहेस का?' असं विचारण्यावर भिस्त ठेवली नाही. त्यांनी मुलांना फसवणूक करण्याची संधी दिली, आणि मुलांच्या नकळत ती पकडण्याची सोय करून ठेवली.

एक पद्धत अशी होती. मुलं वर्गात चाचणी सोडवत. पेपर गोळा होत आणि त्यांतल्या उत्तरांची गुपचूप नोंद करून ठेवली जाई. पुढच्या वेळी मुलांना त्यांचेच पेपर आणि उत्तरांची यादी देऊन सांगितलं जाई की, आता आपापले गुण आपणच द्या. ज्याने चुकीचं उत्तर हळूच खोडून बरोबर केलं, तो नोंदीमुळे सापडे. दुसऱ्या एका चाचणीत डोळे मिटून कागदावरच्या छोट्या वर्तुळांत पेन्सिलने खुणा करायच्या असत. डोळे खरोखर मिटलेले असतील तर त्यात एका मर्यादेपलीकडे यश मिळणं जवळपास अशक्य. ज्याच्या सगळ्या खुणा अचूक पडल्या, त्याने डोकावून पाहिलं असणार. शारीरिक चाचण्यांत मुलाने आपला आकडा आपणच नोंदवायचा असे, आणि त्याची खरी ताकद आधीच मोजून ठेवलेली असे. कोड्यांच्या डब्यात एक नाणं ठेवलेलं असे. डबा परत करताना ते नाणं परत येतं की नाही, एवढंच पाहिलं जाई.

८ ते १६ वर्षांच्या सुमारे ११ हजार मुलांवर हे प्रयोग झाले. १९२८ मध्ये त्यांचा पहिला खंड प्रसिद्ध झाला आणि बऱ्याच जणांना धक्का बसला. मुलं 'प्रामाणिक' आणि 'अप्रामाणिक' अशा दोन गटांत विभागली जातच नव्हती. गणितात नक्कल करणारा मुलगा नाणं मात्र इमानेइतबारे परत करत होता. शारीरिक चाचणीत खरं सांगणारी मुलगी घरी नेलेल्या शब्दचाचणीत शब्दकोश उघडून बसत होती. एका प्रसंगातल्या वागण्यावरून दुसऱ्या प्रसंगाचा अंदाज फारच कमी लागत होता. उलट वर्ग कोणता, सोबती कोण, पकडलं जाण्याची शक्यता किती, याने बराच फरक पडत होता. रविवारच्या धर्मशाळेत जाणारी किंवा चारित्र्य घडवणाऱ्या संघटनांची सदस्य असलेली मुलं इतरांपेक्षा ठळकपणे प्रामाणिक असतात, असंही या चाचण्यांतून दिसलं नाही.

यावर नंतर वाद झाला. १९६३ मध्ये रॉजर बर्टन यांनी हेच जुने आकडे नव्या पद्धतीने तपासले. अनेक चाचण्या एकत्र धरल्या तर मुलामुलांत प्रामाणिकपणाचा थोडा सर्वसाधारण फरक आढळतो, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे स्वभाव नावाचं काही असतं, पण ते एका प्रसंगातून कळत नाही. एका घटनेवरून 'पोरगं बिघडलं' किंवा 'पोरगं सुधारलं' म्हणणाऱ्या प्रत्येक व्हिडिओला हे लागू पडतं.

आज अशा चाचण्या सहसा होत नाहीत. मुलांना मुद्दाम मोहात पाडणं नैतिकतेच्या नियमांत बसवणं अवघड आहे, शिवाय असा प्रयोग खर्चिकही. म्हणून बहुतेक अभ्यास प्रश्नावलीवर भागवतात. 'मी इतरांना मदत करतो : नेहमी, कधी कधी, क्वचित, कधीच नाही.' वर्षभर मदतीचे धडे ऐकलेल्या मुलाला या प्रश्नाचं अपेक्षित उत्तर कोणतं हे पक्कं ठाऊक असतं. त्याने 'नेहमी' वर खूण केली, तर धडा लक्षात राहिला एवढं नक्की. मदत केली की नाही, हे त्या कागदावरून कळत नाही.

चांगल्या शाळेतली मुलं स्वतःला वाईट का म्हणाली?

प्रश्नावलीचा दुसरा घोटाळा याहून चमत्कारिक आहे. २०१६ मध्ये बॉस्टनमधल्या आठवीच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शहरातल्या ३२ सरकारी शाळा त्यात होत्या. त्यांतल्या काही 'चार्टर' शाळा होत्या, म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या पण स्वतंत्र कारभाराच्या. यांतल्या काही कडक शिस्तीसाठी प्रसिद्ध. तिथे मुलांचे गुण वाढत होते, हजेरी चांगली होती. पण चिकाटी, आत्मसंयम, कामातला काटेकोरपणा याविषयीच्या प्रश्नांत हीच मुलं इतर शाळांतल्या मुलांपेक्षा स्वतःला कमी गुण देत होती. प्रवेश लॉटरीने होत असल्यामुळे, मुळातच वेगळ्या स्वभावाची मुलं या शाळांत गेली असावीत, असंही म्हणता येत नव्हतं.

मग या शाळांनी गुण वाढवले आणि चारित्र्य बिघडवलं, असं म्हणायचं का? संशोधकांना दुसरं कारण जास्त संभवनीय वाटलं. माणूस स्वतःला आजूबाजूच्यांशी ताडून पाहतो. वर्गातली सगळी मुलं रोज दोन तास अभ्यास करत असतील, तर दीड तास करणारा स्वतःला आळशी समजतो. दुसऱ्या शाळेत अर्धा तास करणाराही स्वतःला मेहनती म्हणवून घेतो. शाळेने मापदंड उंचावला की मुलं स्वतःचे गुण कमी करतात. प्रश्नावलीच्या आकड्यात मात्र ते घसरण म्हणून उमटतं.

या अभ्यासाच्या लेखकांत अँजेला डकवर्थ होत्या. 'ग्रिट' म्हणजे चिकाटी हा शब्द जगभर पोहोचवण्यात त्यांचा मोठा वाटा. कॅलिफोर्नियातल्या काही जिल्ह्यांनी एकत्र येऊन शाळांचं मूल्यमापन करताना मुलांच्या अशा प्रश्नावलीचे आकडे धरायचं ठरवलं, तेव्हा डकवर्थ यांनी त्याला जाहीरपणे विरोध केला आणि त्यातल्या सल्लागार भूमिकेतून त्या बाजूला झाल्या. ज्यांनी मोजपट्टी बनवली, त्यांनीच ती शाळेला शिक्षा किंवा बक्षीस देण्यासाठी वापरू नका म्हणून सांगितलं. शाळेची श्रेणी मुलांच्या उत्तरांवर ठरू लागली तर काय होईल, हे कोणत्याही शिक्षकाला समजावून सांगावं लागत नाही.

'आधी इतकं, नंतर इतकं' या आकड्याचं काय?

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या बहुतेक दाव्यांचा साचा एकच असतो. कार्यक्रमाआधी महिन्याला इतकी भांडणं, नंतर इतकी. वाचायला पटतं, पण यात तीन भोकं आहेत.

मुलं मोठी होतात. जूनमधला पहिलीचा वर्ग आणि मार्चमधला पहिलीचा वर्ग यांत कोणताही कार्यक्रम नसला तरी जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्याचं श्रेय त्या वर्षी शाळेत जे काही नवीन आलं असेल ते खाऊन जातं.

दुसरं भोक लपलेलं असतं. कार्यक्रम बहुधा कुठे सुरू करतात? जिथे गडबड सगळ्यात जास्त तिथे. एखाद्या महिन्यात भांडणांचा कळस झाला की मुख्याध्यापक हालचाल करतात. पण कळसानंतर आकडा खाली येणं हे बरंचसं ठरलेलंच असतं. ताप सर्वांत जास्त चढल्यावर अंगारा लावला आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला, तर श्रेय अंगाऱ्याला मिळतं. संख्याशास्त्रात याला 'सरासरीकडे परतणं' म्हणतात.

तिसरं म्हणजे शाळांची संख्या. 'सहाशे मुलांवर अभ्यास' हे ऐकायला भक्कम वाटतं. पण ती सहाशे मुलं दोनच शाळांतली असतील, एका शाळेत कार्यक्रम आणि दुसरीत नाही, तर खरी तुलना दोनच गोष्टींची झाली. एका शाळेत नवे, उत्साही मुख्याध्यापक आले असतील. दुसऱ्या शाळेत वर्षभर दोन जागा रिक्त असतील. कार्यक्रम शाळेला दिला जातो, त्यामुळे मोजायच्या त्या शाळा. मुलांचा आकडा कितीही मोठा असला तरी ही उणीव भरून निघत नाही.

२ लाख ७० हजार मुलांचा आकडा

उलट बाजूचा सगळ्यात गाजलेला पुरावा २०११ चा. जोसेफ डरलॅक आणि सहकाऱ्यांनी शाळांतल्या सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या २१३ कार्यक्रमांवरचे अभ्यास एकत्र करून त्यांचं विश्लेषण केलं. त्यांत मिळून २,७०,०३४ मुलं होती. कार्यक्रम मिळालेल्या मुलांची अभ्यासातली कामगिरी ११ शतमानांनी वर गेली, हा त्याचा निष्कर्ष आजही जगभरच्या माहितीपत्रकांत छापला जातो. शंभर मुलांच्या रांगेत मधोमध उभं असलेलं मूल साधारण अकरा जागा पुढे सरकतं, असा त्याचा अर्थ.

हे विश्लेषण दर्जेदार आहे. त्याची ख्याती उगाच झालेली नाही. पण माहितीपत्रकात न छापलेल्या काही गोष्टी त्याच लेखात आहेत. अभ्यासातली कामगिरी २१३ पैकी केवळ ३५ अभ्यासांत मोजलेली होती. म्हणजे ११ चा आकडा त्या ३५ मधून आलेला. २ लाख ७० हजारांचा आकडा मात्र सगळ्या २१३ चा. दोन्ही एका वाक्यात बसवले की वाचणाऱ्याचा समज वेगळाच होतो. शिवाय कार्यक्रम संपल्यावर किमान सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी करणारे अभ्यास ३३ होते. त्यांत परिणाम टिकलेला दिसला, पण तो कमी झालेला होता. जवळपास निम्म्या अभ्यासांत चिठ्ठी पद्धत वापरलेलीच नव्हती.

एकीकडे ८४ शाळांचा 'फरक नाही' म्हणणारा अहवाल, दुसरीकडे २१३ अभ्यासांचं 'फरक आहे' म्हणणारं विश्लेषण. खरं कोण? बहुधा दोघंही आपापल्या जागी. एकत्रित विश्लेषणात छोटे अभ्यास पुष्कळ असतात. बऱ्याचदा ते कार्यक्रम बनवणाऱ्यांनीच, स्वतः लक्ष घालून, निवडक शिक्षकांसोबत केलेले असतात. घरी आजीने केलेली पुरणपोळी आणि त्याच कृतीने पाचशे पानांच्या पंगतीत वाढलेली पुरणपोळी यांत जो फरक पडतो, तोच इथे पडतो. कृती खोटी नसते. शिवाय ज्या अभ्यासांत काहीच सापडलं नाही, ते बऱ्याचदा छापलेच जात नाहीत. मग छापलेल्यांची सरासरी आपोआप फुगते.

मोठ्या प्रमाणावर नेल्यावर काय होतं, याचं अलीकडचं उदाहरण ब्रिटनचं. शाळेत सजगता-ध्यान शिकवल्याने किशोरवयीन मुलांचं मानसिक आरोग्य सुधारतं का, हे पाहण्यासाठी ८५ शाळा आणि ८,३७६ मुलांवर 'मिरियड' नावाची चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आला. नेहमीच्या सामाजिक-भावनिक तासांपेक्षा ध्यानाच्या तासांचा जास्त फायदा दिसला नाही. एक कारण अगदी घरगुती निघालं. बहुतेक मुलं घरी सराव करतच नव्हती. ज्यांना आधीपासून मानसिक त्रासाचा धोका जास्त होता, अशा मुलांना उलट तोटा होत असावा, अशी शक्यताही पुढच्या विश्लेषणात दिसली. 'झाला तर फायदाच, तोटा काय?' हे वाक्य अशा चर्चांत हमखास येतं. त्याला हे उत्तर आहे.

भारतातला सगळ्यात नीट केलेला प्रयोग

यासाठी हरियाणात जावं लागतं. दिवा धर, तरुण जैन आणि सीमा जयचंद्रन या अर्थतज्ज्ञांनी 'ब्रेकथ्रू' या संस्थेच्या कार्यक्रमाचं तिथल्या ३१४ सरकारी शाळांत मूल्यमापन केलं. त्याचा निष्कर्ष २०२२ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त छापून आला. विषय होता स्त्री-पुरुष समानता, म्हणजे आपल्या मूल्यांच्या यादीतलं एक मूल्य. सातवी-आठवीपासूनच्या मुला-मुलींशी सुमारे अडीच वर्षं, साधारण तीन आठवड्यांतून एकदा, पाऊण तास वर्गात चर्चा होत असे. बहिणीने शिकावं का, घरकाम कोणी करावं, बायकोने नोकरी करावी का, असे विषय. कोणत्या शाळांना कार्यक्रम मिळणार, हे चिठ्ठी पद्धतीनेच ठरलं होतं.

या संशोधकांना प्रश्नावलीचा घोटाळा ठाऊक होता. म्हणून त्यांनी मुलांना आणखी एक प्रश्नसंच दिला. कधीच खोटं बोलत नाही, कधीच कोणाचा हेवा करत नाही, असं कोणी म्हणत असेल तर तो समोरच्याला आवडेल असं उत्तर देणारा असण्याची शक्यता जास्त, या तत्त्वावर तो बेतलेला होता. कोणत्या मुलांची उत्तरं थोडी जपून घ्यायची, हे त्यावरून कळत होतं.

निकाल काय? प्रतिगामी म्हणता येतील अशा मतांपैकी सुमारे १६ टक्के मतं बदलली. कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनी संशोधक पुन्हा गेले, तेव्हाही हा बदल टिकलेला होता. आपण घरात, शाळेत कसं वागतो याविषयी मुलांनी दिलेली उत्तरंही बदललेली होती. पण संशोधक इथे थांबले नाहीत. मुलांनी काय सांगितलं यापेक्षा काय केलं, हे पाहण्यासाठी त्यांनी दोन कसोट्या ठेवल्या होत्या : हुंडाविरोधी निवेदनावर सही आणि मुलींनी उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणं. तिथे परिणामाचा पुरावा कमकुवत असल्याचं त्यांनी निबंधाच्या सारांशातच लिहून टाकलं आहे.

हे वाक्य सारांशात लिहिण्याचा प्रामाणिकपणा फार कमी वेळा पाहायला मिळतो. आणि त्यामुळेच वरचा १६ टक्क्यांचा आकडा जास्त विश्वासार्ह वाटतो.

मुंबईतही याच विषयावर आधी काम झालं होतं. २००८ मध्ये 'आयसीआरडब्ल्यू', 'कोरो' आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी मिळून शहरातल्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या मुलांसाठी 'जेम्स' कार्यक्रम राबवला. काही शाळांत वर्गचर्चा आणि मोहीम, काहींत नुसती मोहीम, काहींत दोन्ही नाही, अशी तीन गटांची मांडणी होती. वर्गचर्चा झालेल्या शाळांत मुलांची मतं समानतेकडे स्पष्टपणे झुकली. शाळेतल्या मारामारी आणि छळाबद्दलची उत्तरं मात्र संमिश्र आली. त्याचं एक कारण असंही असू शकतं की ज्याला हिंसा म्हणतात हे आधी ठाऊकच नव्हतं, ते कळल्यावर मुलं ती जास्त सांगू लागतात. टपली मारणं, नावं ठेवणं हे आधी 'मस्करी' या खात्यात जमा असतं. मग आकडा वाढला तर ते अपयश मानायचं की यश?

दावा समोर आला की काय पाहायचं?

सगळ्यात आधी मोजलं काय ते. मुलाने स्वतःविषयी भरलेला कागद, शिक्षकाचं मत, की नोंदवहीतली हजेरी, तक्रारी, मारामारीच्या घटना? शिक्षकाच्या मतातही एक अडचण असते. ज्या शिक्षकाने वर्षभर कार्यक्रम मनापासून राबवला, त्यालाच 'मुलं सुधारली का?' विचारलं तर तो 'नाही' कसं म्हणेल? बाहेरून आलेल्या, कोणती शाळा कोणत्या गटात आहे हे ठाऊक नसलेल्या निरीक्षकाची नोंद यापेक्षा किती तरी मोलाची.

मग तुलना कोणाशी, शाळा किती, आणि कार्यक्रम संपल्यावर किती दिवसांनी मोजलं. निरोप समारंभाच्या आठवड्यात मोजलेल्या आणि दोन वर्षांनी मोजलेल्या परिणामांत बरंच अंतर असतं. अभ्यास कोणी केला हेही पाहावं. कार्यक्रम विकणाऱ्या संस्थेनेच तो केला असेल तर तो खोटा ठरत नाही, पण दुसऱ्या कोणी तो पुन्हा करून पाहिला का, हे विचारायला हवं.

आकडा मोठा असला की तो खरा, असंही नाही. या क्षेत्रात काळजीपूर्वक केलेल्या मोठ्या अभ्यासांत फायदा सापडला तरी तो छोटाच असतो. इंग्लंडमध्ये ४० माध्यमिक शाळांत तीन वर्षं चाललेल्या 'लर्निंग टुगेदर' कार्यक्रमाने दादागिरी थोडी कमी झाली. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा निकाल आला. तो परिणाम इतका लहान होता की त्याची जाहिरात होऊ शकत नाही. पण तिथे शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या समित्या शाळेचे नियम, भांडणं सोडवण्याची रीत आणि वातावरण बदलण्याचं काम करत होत्या. परिस्थिती बदलली तर वागणं बदलतं, हे हार्टशॉर्न आणि मे यांना १९२८ मध्ये दिसलं होतं, त्याच्याशी हे जुळतं. एखाद्या व्हिडिओत 'वर्तनात ९० टक्के सुधारणा' असं काही दिसलं तर आनंद होण्याआधी शंका यायला हवी, ती या कारणाने.

महाराष्ट्रात हे मोजता येईल का?

येईल, आणि त्याला फार खर्चही लागणार नाही. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा 'मूल्यवर्धन' कार्यक्रम २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या सुमारे ५०० जिल्हा परिषद शाळांतून सुरू झाला आणि नंतर राज्य सरकारच्या सहभागाने इतर जिल्ह्यांत गेला. दिल्लीत २०१८ मध्ये 'हॅपिनेस' अभ्यासक्रम सरकारी शाळांत एकदम लागू झाला. एकदा का सगळ्याच शाळांत काही सुरू झालं की तुलनेला शाळा उरत नाही. मग त्याचा खरा परिणाम किती, हे कोणालाच सांगता येत नाही. कार्यक्रमाच्या बाजूने असलेल्यांना नाही आणि विरोधकांनाही नाही.

पण कोणताही सरकारी कार्यक्रम खरं तर एका दिवसात सगळीकडे पोहोचत नाही. प्रशिक्षक कमी असतात, पुस्तिका छापून यायच्या असतात, निधी टप्प्याटप्प्याने येतो. काही तालुके पहिल्या वर्षी, काही पुढच्या वर्षी, असं होतंच. पहिला टप्पा कोणाचा, हे बहुधा वशिल्यावर किंवा अधिकाऱ्यांच्या सोयीवर ठरतं. ते चिठ्ठी टाकून ठरवलं, तर उशिरा येणाऱ्या शाळा आपोआप तुलनेचा गट बनतात, आणि कार्यक्रमापासून कायमचं वंचित कोणीच राहत नाही. मेक्सिकोने १९९७ मध्ये गरीब कुटुंबांच्या मदतीची 'प्रोग्रेसा' योजना आणताना नेमकं हेच केलं. निवडलेल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांना मदत आधी मिळाली, तर १८६ गावांना साधारण दीड वर्षानंतर.